अर्क

'अर्क' हा शब्द आमच्या घरात आजवर माणसांसाठीच वापरला जात आला. ह्यांचे एक मामा म्हणजे पक्का अर्क, शेजारच्यांचा धाकटा त्याहून अर्क. वस्तूचा म्हणून एकच अर्क मला ठाऊक होता, तो ओव्याचा. पोट दुखू लागले की चमचाभर घ्यायचा, आणि तोही दुकानातून आणलेला. अर्क घरी काढता येतो, आणि तो पोटासाठी नव्हे तर केकसाठी, हे मला वयाच्या ६३व्या वर्षी माझ्या नातीने शिकवले.

त्याचे असे झाले. चैत्रातली सुट्टी, नात आमच्याकडे राहायला आलेली. वय वर्षे १७, त्यामुळे घरातल्या प्रत्येक डब्या-बाटलीवरचा मजकूर वाचून आम्हाला त्यातले अज्ञान दाखवून देणे हा तिचा नित्याचा उद्योग. एके दिवशी तिच्या हाती माझी व्हॅनिला इसेन्सची छोटी बाटली लागली. बोटभर उंचीची ती बाटली मी गेली चाळीस वर्षे वाण्याकडून आणत आले आहे. केकच्या पिठात चार थेंब टाकले, की घरभर दरवळ सुटतो आणि शेजारणी विचारतात, "आज वाढदिवस कुणाचा?"

"आजी, ह्यात व्हॅनिला नाहीच आहे," नात म्हणाली.

"मग काय आहे?"

तिने मला जे सांगितले, ते ऐकून मी थोडी खट्टूच झाले. व्हॅनिलाच्या शेंगेतले मुख्य सुगंधी द्रव्य म्हणजे व्हॅनिलिन. १८७४ साली टीमान आणि हारमान नावाच्या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते पाइन जातीच्या झाडांच्या रसातून तयार करून दाखवले. पुढे ते लवंगेच्या तेलापासून झाले, कागदाच्या कारखान्यातल्या सांडपाण्यापासून झाले. आता बहुतेक सारे खनिज तेलातून निघणाऱ्या द्रव्यांपासून होते. शेंगेत मात्र ह्या एका व्हॅनिलिनच्या जोडीला आणखी शेकडो गंधद्रव्ये असतात. म्हणजे चाळीस वर्षे मी सगळ्यांना 'व्हॅनिला केक' म्हणून खाऊ घातला, त्यात एका सुराला मी गाणे समजत होते.

"आपण खरा अर्क करू," नातीने जाहीर केले.

शेंगांची सोय ह्यांनी केली. बँकेत असतानाचे ह्यांचे एक स्नेही निवृत्तीनंतर शिरसीजवळच्या आपल्या सुपारीच्या बागेत राहतात. त्यांच्या बागेत व्हॅनिलाचे वेल आहेत, हे ह्यांना आठवले. त्या वेलांचीही एक कथाच आहे. २००० साली मादागास्करमध्ये मोठे वादळ झाले, तिथले पीक बुडाले आणि जगभर व्हॅनिलाचे भाव चढू लागले. ते २००३च्या सुमारास इतके चढले, की कर्नाटक-केरळातल्या बागाईतदारांनी सुपारीवर, नारळावर, पांगाऱ्यावर, मिळेल त्या आधारावर व्हॅनिला चढवली. शेंगा चोरीला जाऊ नयेत म्हणून ह्यांचे स्नेही रात्री बागेत कंदील घेऊन फिरत. मग दोन-एक वर्षांत भाव असे कोसळले, की वेल ओढून काढायची मजुरीही जड झाली. त्यांच्या पत्नीने मात्र घरामागचे चार वेल काढू दिले नाहीत. एवढी माया लावलेली, ती भाव पडला म्हणून कशी उपटायची?

आणि माया म्हणजे शब्दशः माया. हा वेल मूळचा मेक्सिकोचा. आपल्याकडे त्याच्या फुलात पराग पोचवणारे किडे नाहीत. फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. तेवढ्या अवधीत माणसाने काडीने फुलातला पडदा उचलून, बोटाने हलकेच दाबून, पराग जिथे पोचवायचे तिथे पोचवायचे. ही युक्ती १८४१ साली हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने दाखवली. आजही जगभर ती तशीच चालते. मग शेंग भरायला नऊ महिने. बाईमाणसाचाच हिशेब! एवढे करून उतरवलेल्या हिरव्या शेंगेला वास म्हणाल तर काडीचा नाही. ती ६३ ते ६५ अंशांच्या ऊन पाण्यात तीनएक मिनिटे बुडवायची, घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, रोज थोडे ऊन दाखवून पुन्हा गुंडाळायची, मग सावलीत वाळवायची आणि पेटीत बंद करून काही महिने विसरून जायचे. तेव्हा ती काळीभोर, लवचीक आणि सुगंधी होते.

अशा आठ शेंगा लोण्याच्या कागदात गुंडाळून टपालाने आल्या. पुडी उघडली आणि आम्ही दोघी गप्प झालो. माझ्या बाटलीतल्या वासाशी त्याचे नाते होते, पण गावातल्या श्रीमंत नातेवाइकाशी असते तसे, लांबचे. काकवी, मनुका, नवे पुस्तक, जुनी लाकडी पेटी असे काय काय त्यात होते.

"आता फक्त व्होडका हवी," नात म्हणाली.

मी चटकन आईंच्या खोलीच्या दाराकडे पाहिले.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८७. कान थोडे मंद, बाकी सर्व शाबूत. त्यांच्या घरात दारूचा थेंब कधी आलेला नाही. माझा मुलगा लहानपणी छातीत कफ होऊन आजारी पडला, तेव्हा शेजारणीने छातीला चोळायला म्हणून वाटीत चार थेंब ब्रँडी आणली होती. आईंनी ती उंबऱ्याबाहेरूनच परत केली. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. सोवळेपणाची हद्द झाली, असे मी माहेरी जाऊन बोललेही. त्यांचे दुसरे एक होते, चहात आले चालायचे नाही. "मला पित्त होतं," एवढेच त्या सांगत. चाळीस वर्षे मी आल्याचा चहा शेजारणीकडे जाऊन पीत आले.

"पाण्यात नाही का होणार?" मी नातीला विचारले. नाही. नुसत्या पाण्यात शेंगेतला थोडाच भाग उतरतो, आणि ते नासते. अर्धे-अधिक पाणी आणि बाकीचे मद्यार्क असे मिश्रण दोन्हीकडचे ओढून घेते आणि टिकवतेही. आपल्याकडच्या व्होडकात मद्यार्क असतो ४२.८ टक्के, तो ह्या कामाला अगदी बेताचा. अमेरिकेत तर निदान ३५ टक्के मद्यार्क आणि लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम शेंगा असल्याखेरीज बाटलीवर 'व्हॅनिला अर्क' असे लिहिताच येत नाही. ग्लिसरिनमध्ये होतो, पण फिका. "मग साखरेत पुरू या," मी म्हटले. वेलदोड्याची साले आपण नाही का साखरेच्या डब्यात टाकत? नात म्हणाली, "ती साखर झाली, आजी. अर्क नव्हे."

शेवटी हे निघाले. ६६ वर्षांच्या आयुष्यात प्रथमच दारूच्या दुकानाची पायरी चढायची म्हणून ऊन नसताना छत्री घेऊन निघाले. कुणी ओळखीचे दिसले तर आड धरता यावी! दुकानदाराला ह्यांनी, न विचारताच, केकसाठी हवी असल्याचे सांगितले. तो क्वार्टर वर्तमानपत्रात गुंडाळीत शांतपणे म्हणाला, "साहेब, निमित्तावाचून कुणीच नेत नाही."

दुपारी आई निजल्यावर आम्ही काम उरकले. काचेची बाटली उकळून, उन्हात वाळवून घेतली. सहा शेंगा भरल्या अठरा ग्रॅम. क्वार्टरमधली १८० मिलिलिटर व्होडका, म्हणजे प्रमाण नेमके जमले. शेंगा उभ्या चिरल्या. आत मोहरीहून कितीतरी बारीक काळे बी, बोटांना चिकटणारे. त्यांचे इंच-इंच तुकडे करून बाटलीत टाकले, ते पुरते बुडतील अशी व्होडका ओतली, झाकण घट्ट लावले, वर चिठ्ठी चिकटवून तारीख घातली. उरलेल्या दोन शेंगा माझ्या हट्टाखातर साखरेच्या डब्यात गेल्या. बाटलीला उजेड नको आणि आईंची नजरही नको, म्हणून ती कपाटात पितळी डब्यांच्या मागे ठेवली. रोज एकदा हलवायची. दोन महिन्यांनी वापरता येते, पण सहा महिन्यांनी खरी होते. म्हणजे थेट दिवाळीला.

दुसऱ्या दिवशी ती फिक्या चहासारखी झाली, आठवड्याने काढ्यासारखी. चोरून ठेवलेली वस्तू माणूस जरा जास्तच वेळा पाहतो. आम्ही तिघेही कपाटाशी घुटमळू लागलो.

पंधरा दिवस गेले. रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. नातीचे पुढचे बेत चालले होते. नागपुरी संत्र्याच्या सालीचा अर्क. वरची केशरी साल तेवढी घ्यायची, आतले पांढरे घेतले की कडू होते. वेलदोड्याचा. कॉफीचा. "आणि आल्याचासुद्धा. आलं किसून तसंच बुडवून ठेवायचं."

आईंचा घास हातात राहिला.

"ती बाटली कुठे आहे?" त्यांनी विचारले.

कोणती बाटली, असे म्हणण्याचे धैर्य आम्हा तिघांपैकी एकालाही झाले नाही.

"ऐकू कमी येतं मला. नाकाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणा इकडे."

बाटली ताटाशेजारी आली. आईंनी ती दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिली. मग त्यांनी जे सांगितले ते ह्यांनीही, त्यांच्या पोटच्या मुलाने, कधी ऐकले नव्हते.

आईंचे वडील गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवीत. भिंतीवरच्या तसबिरीतला काळी टोपी घातलेला, किंचित हसणारा माणूस एवढीच आमची त्यांची ओळख. आईंना ते खिशातून शिशाचे खिळे आणून देत आणि उलटी अक्षरे वाचायला शिकवीत. आई आजही वर्तमानपत्र समोरच्याच्या हातात उलटे असताना वाचतात, त्याचे कारण मला त्या रात्री कळले. पगाराच्या दिवशी ते पिऊन येत. तसे शांतपणे पीत आणि शांतपणे निजत. पुढे १९४९चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला, १९५०पासून पूर्ण बंदी झाली. चाळीतल्या बायकांनी देवापुढे साखर ठेवली.

"मग नानांनी टिंक्चर सुरू केलं," आई म्हणाल्या. "टिंक्चर जिंजर. आल्याचं. औषधाच्या दुकानात मिळायचं. पोटासाठी आहे, म्हणाले. दहा थेंब पाण्यातून."

आल्याचा अर्क तो. कडक मद्यार्कात उतरवलेला. आईंच्या आईने बाटली फडताळात आपल्या ताब्यात ठेवली. ती स्वतः मोजून थेंब देई. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून बाटली कुठवर आहे त्याची चिठ्ठीवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी पाहून सांगायचे, हे काम आईंकडे आले. वय तेव्हा १४.

"रोज बघायची. रेघेला असायची. पण रंग बदलायचा. टिंक्चर कसं, मधासारखं स्वच्छ असतं. त्यात पाणी पडलं की ते गढूळ होतं, दुधाळ. मला दिसायचं. नाना प्यायचे आणि पाणी घालून रेघेला आणून ठेवायचे."

"मग तू सांगितलंस?" नातीने विचारले.

"आई विचारायची, 'रेघेला आहे ना गं?' मी म्हणायची, 'रेघेला आहे.' ते काही खोटं नव्हतं."

कुणीच काही बोलले नाही. पंख्याचा आवाज येत होता.

"नाना १९५५च्या पावसाळ्यात गेले," आई म्हणाल्या. "मी सांगितलं असतं तर राहिले असते, असं नाही. बाहेरही घेतच होते. पण मी सांगितलं नाही."

"पणजीला दिसत नव्हतं का, रंग बदललेला?" नात म्हणाली. मी तिला डोळ्यांनी दटावले, पण आईंना प्रश्नाचा राग आला नाही.

"दिसत असेल. ती विचारताना माझ्या तोंडाकडे बघायची. बाटलीकडे नाही."

हे उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी म्हटले, "आई, मी आत्ता ओतून टाकते ही."

"ओतायची कशाला?" आई म्हणाल्या. "ते एकेक फूल म्हणे हातानं उघडायचं असतं. नऊ महिने लागतात. मी ऐकलंय सगळं. पेन्सिल आण."

नातीने पेन्सिल आणली. आईंनी बाटली ताटाशेजारी सपाट ठेवली, ती स्थिर होईपर्यंत थांबल्या आणि चिठ्ठीवर आडवी रेघ ओढली. ८७ वर्षांच्या हाताची ती रेघ पट्टी लावल्यासारखी सरळ आली.

त्या दिवसापासून बाटली आईंच्या ताब्यात गेली. सकाळी तुळशीला पाणी घालून झाले, की त्या कपाट उघडीत, बाटली उजेडाला धरून पाहत, दहा वेळा हलवीत आणि ठेवून देताना स्वतःशीच म्हणत, "रेघेला आहे." पावसाळा आला, श्रावण गेला, गणपती बसले-उठले, त्यात खंड पडला नाही. एकदाच मोठे प्रकरण झाले. भाद्रपदात एके सकाळी पातळी रेघेच्या खाली दिसली. आईंनी सगळ्यांना बोलावले. माझे यजमान, पेन्शनर, चष्मा कपाळावर चढवून आईपुढे उभे राहिले आणि शाळेतल्या मुलासारखे म्हणाले, "मी नाही घेतली." शेवटी नातीला दूरध्वनी केला, तेव्हा उलगडा झाला. रविवारी येऊन तिने कॉफीत घालून पाहिली होती. "मग सांगायचं," आई म्हणाल्या, "सांगितलं की काही नसतं." त्यांनी तारीख घालून नवी रेघ मारली.

ह्यांच्या एका वकील मित्राला ही हकीकत सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या आजोबांच्या टिंक्चरवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खल झालेला आहे." १९५१ साली औषधांतल्या आणि प्रसाधनांतल्या मद्यार्कापुरती त्या कायद्याची काही कलमे रद्द ठरली. मग कायद्यातच दुरुस्ती होऊन, पिण्याला अयोग्य अशी मद्यार्कयुक्त औषधे, सुगंधी अर्क आणि इसेन्स ह्यांना सूट मिळाली. तो कायदा आजही आहे, नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले एवढेच. मला वाटले, केवढ्या मोठ्या माणसांना ह्या प्रश्नाने छळले! अर्क कुठे संपतो आणि दारू कुठे सुरू होते? कायद्याने त्याला शब्द शोधले. घरात तो प्रश्न एका मुलीच्या हाती पेन्सिल देऊन सोडवायचा प्रयत्न झाला, आणि ती मुलगी पाऊणशे वर्षे ती पेन्सिल खाली ठेवू शकली नाही.

दिवाळीच्या आधी चार दिवस बाटली उघडली. रंग गडद, कडेला तांबूस. व्होडकाचा उग्रपणा पार मुरून गेलेला. आईंच्या माहेरी पूर्वी नानकटाईचे पीठ मळून, पत्र्यावर थापून भाजायला बेकरीत नेत. आता घरचीच भट्टी आहे. तूप-साखर फेसून त्यात मैदा घालण्यापूर्वी नातीने चमचाभर अर्क घातला. दोन थाळ्या व्हॅनिलाच्या, दोन नेहमीच्या वेलदोड्याच्या. भट्टीच्या उष्णतेने मद्यार्क बराचसा उडून जातो. जो उरतो तो एका चमच्यातला, तीस-चाळीस नानकटायांत वाटलेला. तरी मी आईंना तसे आधीच सांगितले. सांगितले की काही नसते, हे मी आता शिकले होते.

वास घरभर गेला. शेजारणीने ठरल्याप्रमाणे विचारले, "वाढदिवस कुणाचा?" आईंनी एक नानकटाई हातात घेतली, हुंगली, तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सावकाश चावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"चांगली झाली आहे," त्या म्हणाल्या. "पण नानकटाईला वेलदोडाच बरा." आणि मग, "पेन्सिल कुठे आहे? एक चमचा गेला ना आज?"

चिठ्ठीवर आता तीन रेघा आहेत. नातीने ती चिठ्ठी काढू नये असे बजावले आहे. बाटली संपली की तीत नव्या शेंगा घालायच्या, पण चिठ्ठी हीच.

नरकचतुर्दशीला पहाटे हवेत गारवा होता. अभ्यंगस्नाने आटोपून मी चहा ठेवला. आई ओट्याशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. चाळीस वर्षांत कधी केले नाही ते मी केले. विचारले, "आई, आलं घालू का थोडं?"

"माझ्यात नको," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमच्यात घाल हवं तर."

मी दोन भांडी केली. आले किसताना खिडकी उघडायला उठले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. थंडी आहे."